सिंगापूरमध्ये छोट्या मुलांना घेऊन सुंगेई बुलोहला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

सिंगापूरला लहान मूल घेऊन कुठे जायचं म्हटलं की आधी तिकिटाचा आकडा डोळ्यासमोर येतो, आणि तीन-चार वर्षांचं पोरगं तासाभरात "घरी जायचं" करायला लागलं की पैसे गेल्याची चुटपुट लागते ती वेगळीच. सुंगेई बुलोह वेटलँड रिझर्व्ह म्हणजे पाणथळ जागेतलं अभयारण्य, आणि त्याला तिकीटच नाहीये. रोज सकाळी 7 ते संध्याकाळी 7 उघडं असतं, पाऊण तासात परत फिरलात तरी काही बिघडत नाही, पुढच्या रविवारी परत या. म्हणून मी इथल्या प्रत्येक मराठी आईबाबांना हेच सांगते की पहिली नेचर ट्रिप इथेच करा.

फक्त एक गोष्ट मनापासून सांगते, घड्याळ बघून निघू नका, भरती-ओहोटी बघून निघा. बरेच लोक भर दुपारी, भरतीला जातात, नुसतं पाणी आणि झाडं बघून येतात आणि मग म्हणतात तिथे काही नाही. नेटवर सिंगापूरच्या टाइडच्या वेळा शोधल्या की त्या दिवसाचा तक्ता मिळतो. दिवसात साधारण दोनदा भरती दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातली मंडळी तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, इथे त्याच्यावर जाऊ नका, तक्ताच बघा.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर सकाळची ओहोटी पकडा. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि सगळी मजा त्या चिखलातच आहे. बोर्डवॉकवर एका जागी बसा, मुलाला कठड्याच्या फटीतून खाली बघू द्या आणि पाच मिनिटं गप्प राहा. आधी काहीच दिसत नाही. मग चिखलाचाच एक तुकडा हलतो आणि कळतं की ती निवटी आहे, चिखलात राहणारा मासा (इंग्रजीत मडस्किपर). पुढच्या दोन परांवर कुबड्या घेतल्यासारखी सरकत सरकत जाते, डोळे डोक्याच्या वर, मधेच एक डोळा आत ओढून घेते आणि परत बाहेर काढते. तो डोळा ओला ठेवण्यासाठी आत जातो, हे मुलाला सांगून बघा, पुढचा अर्धा तास ते पोर स्वतःचे डोळे मिचकावत बसतं! मासा असून पाण्याबाहेर कसा राहतो हा प्रश्न येणारच, तर उत्तर सोपं आहे, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या भागातून ती हवेतला ऑक्सिजन घेते आणि कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी साठवून ठेवते, म्हणून सारखी चिखलात लोळून अंग ओलं करते. इथे मोठ्या जातीची निवटी पण दिसते, वीतभर किंवा त्याहून लांब, ती आपल्या बिळाभोवती चिखलाचा बांध घालून पाण्याचं डबकं करून राहते.

तिथेच छोटे खेकडे दिसतील ज्यांचा एक आकडा (नांगी) भलामोठा असतो आणि ते तो वर-खाली हलवतात. मोठा आकडा फक्त नराला असतो, मादीचे दोन्ही छोटे, त्यामुळे "बाबा खेकडा शोध, आई खेकडा शोध" हा खेळ मस्त चालतो. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील आणि कोकणातले असतील तर त्यांनाच पुढे करा, तिवरं (कांदळवनाची झाडं), निवट्या, खेकडे हे सगळं त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि नातवंडं त्यांचं ऐकतात पण.

भरतीची वेळ पक्ष्यांसाठी. इथे पूर्वी कोळंबीची तळी होती. 1986 मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या पक्षी बघणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की इथे लांबून आलेले पक्षी उतरतात, त्यांनी जागा वाचवा म्हणून लावून धरलं, 1989 मध्ये नेचर पार्कचं ठरलं, 1993 मध्ये लोकांसाठी उघडलं आणि 2002 मध्ये नेचर रिझर्व्हचा दर्जा मिळाला. थोड्या लोकांनी चिकाटीने मागणी केली म्हणून आज आपली मुलं इथे फिरतायत, मला याचं फार वाटतं. त्या जुन्या तळ्यांना पाण्याची दारं आहेत, त्यामुळे आतलं पाणी कमी-जास्त करता येतं, मग बाहेर समुद्र चढून चिखल बुडाला की पक्षी आत तळ्यात येऊन उभे राहतात. सप्टेंबर ते मार्च हा पाहुण्या पक्ष्यांचा सीझन, थेट सायबेरियाकडून येतात. पण अगदी छोट्या मुलाला लांबचे तपकिरी पक्षी दुर्बिणीतून सापडत नाहीत आणि ते वैतागतं, त्याला बगळे आणि खंड्या पुष्कळ झाले. पक्ष्यांची ट्रिप सहा-सात वर्षांनंतर करा.

जायचं कसं तर क्रांजी एमआरटी (मेट्रो) स्टेशनहून 925 नंबरची बस, क्रांजी वेच्या बाजूला उतरा, तिकडच्या व्हिजिटर सेंटरला आधी टॉयलेट उरकून घ्या कारण पुढे ट्रेलवर पंचाईत होते. सेंटरमध्ये कांदळवनाबद्दल छोटं प्रदर्शन आहे, पण ते परत येताना बघा, सकाळचा गारवा एसीत घालवू नका. कोस्टल ट्रेलने जेवढं जमेल तेवढं जा. पूर्ण ट्रेल संपवायचा हट्ट मोठ्यांचा असतो, मुलांचा नसतो.

सामान: पाणी भरपूर, डासांचं क्रीम घरूनच लावून, पूर्ण पँट, टोपी, एक जोडी कपडे. खायला तिथे मिळेल या भरवशावर राहू नका, पण डबा सेंटरजवळच संपवा, ट्रेलवर चकली-बिस्किटं काढू नका कारण माकडं आहेत आणि हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली तरी ती जवळ येतात. जंगली प्राण्यांना खायला घालणं सिंगापूरमध्ये कायद्याने बंद आहे, पहिल्यांदाच पकडले गेलात तरी 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, आपल्याकडे माकडाला केळं द्यायची सवय असते ना.

मगरी खरंच आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. सुंगेई बुलोह बेसार नदीवरच्या पुलावरून कधीकधी दिसतात. घाबरून ट्रिप कॅन्सल करायची गरज नाही पण मुलाचा हात धरा, पाण्याच्या कडेला उतरू देऊ नका, आणि फोटोसाठी कठड्यावर बसवायचं तर अजिबात नाही. घोरपड वाटेत आडवी आली तर थांबायचं, ती आपली आपण जाते. ढग गडगडायला लागले की लगेच मागे फिरा, इथला पाऊस आणि विजा दोन्ही पटकन येतात.

आणि सुट्टीत मुंबई-ठाण्याला जाणार असाल तर ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे तिकीट आहे, पण तीच तिवरं मुलांना आपल्या खाडीत बघायला मिळतात. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला बोट असते, ती पण भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटते, तेव्हा आधी वेळ विचारून बुकिंग करा.