रोमच्या घरगुती त्रात्तोरियात जेवायला जाताना

रोममध्ये एखाद्या कुटुंबाने चालवलेली त्रात्तोरिया म्हणजे दहा-पंधरा टेबलं, आत दोन-तीन माणसांचं स्वयंपाकघर आणि बाहेर वाढायला बहुधा घरातलंच कुणीतरी. इथले बहुतेक नियम एवढ्याच हातांवर सगळं चालतं म्हणून आहेत. ते धरून चाललात तर रोमचं सर्वांत चांगलं जेवण इथेच मिळेल.

आधी वेळ. दुपारची चूल साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीची साडेसातपासून पुढे. मधल्या वेळात दार उघडं दिसलं तरी स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा चार वाजता भूक लागली तर बेकरीत पिझ्झाचा तुकडा घ्यावा. रोमन माणूस साडेआठ-नऊला जेवतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर साडेसातचं टेबल मागा, गर्दीही नसते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे कितीतरी दुकानं आठवडा-दोन आठवडे बंद राहतात. आदल्या दिवशी फोन करा: "क्वात्रो पेर्सोने, आल्ले ओत्तो" म्हणजे चार माणसं, आठ वाजता. आडनाव लांबलचक असेल तर फक्त पहिलं नाव सांगा, तेच वहीत नीट लिहिलं जातं. तुमचं टेबल बहुतेक वेळा रात्रभर तुमचंच असतं, म्हणून उशीर होणार असेल किंवा बेत रद्द झाला असेल तर कळवाच. बारा टेबलांच्या जागी एक टेबल रिकामं राहणं त्यांना झेपत नाही.

आत शिरल्यावर "बुओनासेरा" (शुभ संध्याकाळ) म्हणायचं आणि दाराशीच थांबायचं. टेबल ते दाखवतील.

बसताच पाण्याचं विचारतील: "नातुराले" साधं, "फ्रिझ्झान्ते" बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीबंद आणि विकत. वाइन घेणार असाल तर घरची वाइन, "विनो देल्ला कासा", पाव किंवा अर्ध्या लिटरच्या काचेच्या सुरईत मागता येते.

मेनूत आंतिपास्तो (सुरुवातीचं चटकमटक), मग प्रीमो (पास्ता किंवा सूप), मग सेकोन्दो (मांस-मासे), सोबतीला कोन्तोर्नो (भाजी) आणि शेवटी दोल्चे (गोड), असा क्रम असतो. सगळं मागवायची गरज नाही. चौघांना मधे ठेवायला दोन आंतिपास्ती, प्रत्येकी एक प्रीमो आणि दोन भाज्या पुरतात. मात्र तिघांत एक पास्ता असं करू नका. ताटं वाटून खायची असतील तर ऑर्डर देतानाच "दा दिवीदेरे" म्हणा, म्हणजे जास्तीच्या थाळ्या येतील. कोन्तोर्नो सहसा सेकोन्दोबरोबर येतं. तुम्ही सेकोन्दो घेणारच नसाल आणि भाजी पास्त्याबरोबर हवी असेल तर "इन्सिएमे", म्हणजे एकत्र आणा, असं सांगा. नाहीतर पास्ता संपल्यावर भाजी येते.

आता शाकाहाराचं, कारण मराठी घरांतली निम्मी अडचण इथेच असते. रोमचे चार नावाजलेले पास्ते म्हणजे ग्रिचा, कार्बोनारा, अमात्रिचाना आणि काचो ए पेपे. पहिल्या तिन्हींत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. ते काढून द्या म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या सुटलेल्या चरबीतच सॉस बनतो. उरतो काचो ए पेपे: चीज आणि मिरी, बस्स. पण त्यातलं चीज, म्हणजे मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो रोमानो, नियमानुसार कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरून गोठवतात आणि पार्मिज्यानो या गाईच्या दुधाच्या चीजमध्ये वासराचं रेनेट असतं. हे चालत नसेल तर टोमॅटो-मिरचीची आर्राब्याता किंवा साधा "आल पोमोदोरो" घ्या आणि "सेन्त्सा फोर्माज्जो", म्हणजे चीज नको, हे आठवणीने सांगा. आर्राब्यातावरही पेकोरिनो भुरभुरतात.

नुसतं "वेजेतारियानो" म्हणून भागत नाही, नको त्या जिनसांची नावं घ्या: "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो", म्हणजे मांस नको, मासा नको, ब्रोदो नको. शेवटचा शब्द मांस उकळलेल्या पाण्यासाठी. सुपांत आणि रिझोत्तो या मऊ भातात ते लपलेलं असतं. सर्वांत जास्त फसवते ती अँचोवी, आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. ती खारवून, कुटून अशा ठिकाणी घालतात की डोळ्यांना दिसत नाही. तळलेल्या भोपळ्याच्या फुलांत मोझ्झारेल्लाबरोबर ती असतेच, आणि हिवाळ्यातल्या पुन्तारेल्ले नावाच्या सॅलडच्या मसाल्यातही. तो मसाला आधीच कालवलेला असतो, म्हणून मासा वगळा म्हणण्यापेक्षा दुसरी भाजी घेणं बरं. सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो आणि पान्ना कोत्ता या मलईच्या गोड पदार्थात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला घट्ट करणारा पदार्थ. बिनधास्त घ्यावी अशी भाजी म्हणजे चिकोरिया रिपास्साता: उकडलेली कडू पालेभाजी लसूण-मिरचीवर परतलेली, मेथी आवडणाऱ्याला हमखास रुचते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर पुदिन्याच्या जातीचा पाला घालून शिजवलेले आर्टिचोक चुकवू नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी टोमॅटो सॉसच्या वाटेला जाऊ नये. तो सकाळीच कांदा-लसणावर शिजलेला असतो, रात्री त्यातून काही निघत नाही. "पास्ता इन बियान्को" मागा, तेलावरचा कोरा पास्ता. लहान मुलांसाठीही हाच, आणि मेनूत नसला तरी आनंदाने करून देतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. त्यात मासे, अंडी, दूध येतात. मांस, कांदा, लसूण येत नाहीत. म्हणून त्या यादीवर विसंबू नका, तोंडाने विचारा.

काचो ए पेपे मागवलात तर फोटो नंतर. पास्ता उकळलेल्या पाण्यातला स्टार्च चीजच्या प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून सॉस मलईसारखा राहतो. भांडं फार तापलेलं असताना चीज पडलं तर त्याच्या गुठळ्या आणि तारा होतात, खाली पाणी सुटतं. ताट येतानाच तसं असेल तर ती स्वयंपाक्याची चूक आहे, नम्रपणे सांगायला हरकत नाही. पण चांगलं जमलेलं ताटही पाच-सहा मिनिटांत थंड होऊन घट्ट चिकटतं, आणि तो दोष तुमच्या गप्पांचा. समोर येताच तळापासून दोनदा हलवा आणि खायला लागा. मीठ मागू नका, पेकोरिनो भरपूर खारट असतं. पास्त्याचा कणा किंचित कडक लागतो तो कच्चा म्हणून नव्हे, तसाच ठेवायचा असतो. पाव आधी खाऊन संपवू नका. ताटातला उरलेला सॉस पुसून खायला तो आहे, आणि असं पुसून खाणं घरगुती ठिकाणी अगदी रीतीचं आहे.

मेनूवर पदार्थापुढे तारांकन दिसलं तर माल गोठवलेला आहे असं समजा. माशापुढे किंवा स्टेकपुढे "एत्तो" लिहिलं असेल तर भाव १०० ग्रॅमचा आहे: सहा युरो एत्तो असलेला सव्वा किलोचा मासा ७५ युरोंना पडतो. शिजवण्याआधी वजन विचारा. गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी ही रोमची जुनी रीत काही ठिकाणी अजून पाळतात, आणि त्या दिवशीचा तो पदार्थ ताजा असतो.

कॉफी दोल्चेनंतर, वेगळी येते. जेवणानंतर काप्पुचिनो कुणी पीत नाही. "काफ्फे" म्हटलं की छोटी एस्प्रेसो मिळते.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. "इल कोन्तो, पेर फावोरे" म्हणा. इटलीत इतरत्र माणशी "कोपेर्तो", म्हणजे टेबलावर बसण्याचे ठरावीक पैसे, लावतात. रोम ज्या लात्सियो प्रदेशात आहे तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने तो बंद केला, म्हणून बिलात त्याऐवजी "पाने", म्हणजे पावाचे पैसे दिसतात. पाव नको असेल तर टेबलावर येतानाच परत करा, खाऊन झाल्यावर नाही. "सेर्वित्सिओ" (सेवाशुल्क) म्हणून टक्केवारी लावली असेल तर ती मेनूवर आधी छापलेली हवी. टिप सक्तीची नाही, वरचे दोन-चार युरो ठेवले तरी पुरे. कार्ड घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे आणि नाकारल्यास ३० जून २०२२ पासून दंड आहे. प्रत्येकाने काय खाल्लं याचा हिशेब लावत बसू नका: "आल्ला रोमाना" म्हणा, ते एकूण बिलाला माणसांनी भागून सांगतील.