आई-वडिलांना दवाखान्यात नेण्याचा खर्च आणि आयकर : या चुका टाळा

केमोथेरपीला किंवा डायलिसिसला नेण्या-आणण्याचं टॅक्सीभाडं, रेल्वेचं तिकीट, रुग्णालयाजवळच्या लॉजचं बिल. यातल्या कशासाठीही आयकर कायद्यात स्वतंत्र वजावट नाही. तरीही ही बिलं कलम 80डी (आरोग्य विमा आणि औषधपाणी) किंवा 80डीडीबीमध्ये (ठरावीक गंभीर आजारांचे उपचार) ‘उपचार’ म्हणून घुसडली जातात. खोटा दावा ठरला, तर त्यावरच्या कराच्या 200 टक्के दंड लागू शकतो.

त्यापेक्षा 80डीडी बघा. तुमच्यावर अवलंबून असलेला जोडीदार, मूल, आई-वडील किंवा भावंड यांना किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर 75,000 रुपये आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये वजावट मिळते. उपचारांवर प्रत्यक्षात किती गेले, यावर ही रक्कम कमी-जास्त होत नाही. म्हणजे भाड्याच्या पावत्या जपण्यापेक्षा अपंगत्वाचं प्रमाणपत्र वेळेत काढणं जास्त फायद्याचं. पक्षाघातानंतर ते काढायचं अनेकांना सुचतच नाही! मात्र रुग्णाने स्वतःच्या रिटर्नमध्ये 80यू (स्वतःच्या अपंगत्वाची वजावट) घेतलं असेल, तर तुमचा दावा बाद.

80डीडीबीची यादी ठरलेली आहे : कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, पार्किन्सन्स वगैरे. मधुमेह त्यात नाही. मर्यादा 40,000, रुग्ण साठीपुढचा असेल तर 1 लाख रुपये. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन हवं. विम्याचे पैसे मिळाले असतील तर ते वजा करा. पूर्ण बिल दाखवणं ही नेहमीची चूक.

साठी ओलांडलेल्या आई-वडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचे 50,000 रुपयांपर्यंत 80डीमध्ये बसतात. रोख दिलेत की गेले. यूपीआय, कार्ड किंवा चेकने, आणि तुमच्याच खात्यातून द्या. सासू-सासरे यात येत नाहीत.

हे सगळं फक्त जुन्या करप्रणालीत. नवी आपोआप लागू होते, त्यामुळे पगारदारांनी मुदतीत रिटर्न भरून त्यातच जुनी निवडावी. मुदत चुकली की तो पर्याय जातो.

प्रवासाला सूट मिळण्याची एक चिंचोळी वाट आहे : परदेशातल्या उपचारांसाठी रुग्ण आणि एका सोबत्याच्या प्रवासाचा खर्च तुम्हाला नोकरी देणाऱ्या मालकाने केला, तर. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या एकूण उत्पन्नाची मर्यादा 2025-26 पासून 2 लाखांवरून 8 लाख झाली आहे.

कलमांचे हे क्रमांक 1961 च्या कायद्यातले. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी नवे क्रमांक बघा.