पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं, आणि मग ते वाढवायचं कसं

वाशीच्या मार्केटमधून दादरला माल टाकायचा तर भाडं आधी ठरतं आणि डिझेल नंतर जळतं. मानखुर्दला गाडी तासभर जागची हलली नाही, तरी व्यापारी ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त देत नाही. त्या तासाचं डिझेल आपल्या मजुरीतून जातं. पिकअपवाले चहाच्या टपरीवर भेटले की पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच असतो, त्याचं कारण हे.

हिशोब करून बघा. रोजचं ८० किलोमीटर रनिंग, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०८० किलोमीटर. लिटरला ११ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १८९ लिटर लागतं, १३ देणाऱ्या गाडीला १६०. फरक २९ लिटरचा. लिटरमागे ९० रुपये धरले तर महिन्याला २,६०० आणि वर्षाला ३१ हजार. माझ्या गाडीचा इन्शुरन्स त्यात निघतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. बाइक लिटरला ५० वरून ६० ला गेली तर शंभर किलोमीटरमागे जेमतेम लिटरचा तिसरा हिस्सा वाचतो. भरलेली पिकअप ८ वरून १० ला गेली तर तेवढ्याच अंतरात अडीच लिटर वाचतं. दोन किलोमीटरची वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण जिचं अ‍ॅव्हरेज कमी, तिच्यात थोडी सुधारणाही खिशाला जाणवते. म्हणून मी बोलताना अ‍ॅव्हरेज म्हणतो, वहीत मात्र ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असंच लिहितो.

तयारी

एक वही, एक पेन आणि स्वतःचं हवा मोजायचं गेज. एअर फिल्टर आणि ऑइल वेळेवर बदललेलं आहे असं धरतो. नसेल तर आधी ते करा.

मोजणी: इथेच सगळे फसतात

मीही फसलो, आणि त्यात फक्त पैसे गेले असते तर एवढं लिहायला बसलो नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीवर साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर होते. वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. एका महिन्यात टाकी फुल करून गाडी चालवली, पुन्हा फुल करताना बसलेल्या लिटरने किलोमीटरला भागलं, तर अ‍ॅव्हरेज ९.७ आलं. आधी १२ मिळायचं. गॅरेजवाल्याने इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ करायला सांगितलं, केले. फिल्टर बदलला. पुन्हा मोजलं तर १५.७. मला वाटलं, ती हायवेची ट्रिप होती म्हणून जास्त आलं. पुढच्या वेळी परत दहाच्या खाली. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी मामांना विचारलं, “डिझेल जातं कुठं?” त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. गाडीची चावी टेबलावर ठेवली, चार दिवसांचा पगार बाकी होता तोही मागितला नाही, आणि निघून गेले.

नवीन ड्रायव्हर आला तरी आकडे तसेच नाचत राहिले. मग एके दिवशी पंपावर मी स्वतः उभा होतो. डिझेल टाकीच्या तोंडापर्यंत आलं की नोझल आपोआप बंद होतं, तसं ते कट झालं, मशीनवर ३१ लिटर. मागे रांग नव्हती, म्हणून गाडी जरा पुढे सपाट जागेवर घेतली आणि सहज म्हटलं, आणखी टाकून बघ. चार लिटर आणखी गेलं. तेव्हा खाली बघितलं. त्या पंपाच्या आवारात पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार दिला होता. टाकीच्या तोंडाची बाजू उताराकडे आली की पलीकडच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि टाकी अर्धवट असतानाच तोंडापर्यंत डिझेल येतं. मशीन कट होतं, आपण समजतो टाकी फुल.

आता तो नाच समजून घ्या. समजा गाडी खरोखर १२ देते आणि २०० किलोमीटर चालली, म्हणजे जळलं १६.७ लिटर. आधीच्या वेळी टाकी चार लिटर कमी भरली होती आणि या वेळी सपाट जागेवर पूर्ण भरली, तर मशीन २०.७ दाखवणार. अ‍ॅव्हरेज ९.७. पुढच्या २०० किलोमीटरनंतर पुन्हा उतारावर भरली तर १२.७ लिटर बसणार. अ‍ॅव्हरेज १५.७. दोन्ही मिळून ४०० किलोमीटर आणि ३३.४ लिटर, म्हणजे बाराच. गाडीत काही बिघाड नव्हता. ड्रायव्हर चोर नव्हता. मी वाईट आकडा खरा मानला आणि चांगल्या आकड्याला कारण शोधलं.

मामा तोवर भिवंडीत दुसऱ्याच्या गाडीवर लागले होते. मी गेलो, बाकीचा पगार दिला, वही दाखवली, माफी मागितली. ते परत आले नाहीत. मोजणी नीट न करता ड्रायव्हरवर बोट ठेवू नका, हे मी प्रत्येक गाडीमालकाला हात जोडून सांगतो.

आता करायचं कसं ते. एकच पंप ठरवा, सपाट आवाराचा. शक्यतो तेच मशीन, गाडी उभी करायची दिशाही तीच. डिझेलला फेस येतो आणि फेसामुळे नोझल लवकर कट होतं, म्हणून पहिल्यांदा कट झाल्यावर मिनिटभर थांबायचं, फेस बसू द्यायचा, मग हळू धारेने दुसऱ्यांदा कट होईपर्यंत भरायचं. तिथे थांबायचं. त्यापुढे टाकीच्या गळ्यापर्यंत ठासून भरू नका, उन्हात डिझेल फुगून बाहेर येतं. पंपावरचा मुलगा ‘गोल आकडा करू का?’ विचारेल, त्याला ठामपणे नाही म्हणा. रुपयांचा गोल आकडा मोजणीला काही कामाचा नाही, आपल्याला लिटर हवेत, तेही पॉइंटनंतरच्या दोन आकड्यांसकट.

किलोमीटर ट्रिप मीटरवरून घेऊ नका. कुणाचा तरी हात लागतो आणि तो शून्यावर येतो. मुख्य मीटरचा आकडा त्याच क्षणी वहीत लिहा. ‘नंतर लिहीन’ म्हटलेला आकडा मी आजवर कधी बरोबर लिहिलेला नाही.

आणि एका टाकीवर निकाल देऊ नका. चार लिटरची चूक १६ लिटरमध्ये चौथा हिस्सा होते. तीच चूक हजार किलोमीटरच्या ८३ लिटरमध्ये पाच टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्या फुल टाकीपासून निदान तीन भरणे जाऊ द्या, मग सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि एकदाच भागाकार. डिझेलच्या काट्यावरून, ‘पाचशेचं टाकलं, एवढी चालली’ यावरून काढलेलं अ‍ॅव्हरेज ऐकूच नका.

टायरचा साइज बदलला असेल तर मीटरचे किलोमीटरही बदलतात. एक्स्प्रेस वेवर किलोमीटरच्या पाट्या लागतात, त्यांच्याशी वीसेक किलोमीटर ताडून बघा. घासलेला टायर छोटा होतो, त्यामुळे मीटर थोडं जास्त दाखवतं, तेही ध्यानात असू द्या.

वहीत आणखी एक रकाना हवा: माल. भरून गेली की रिकामी आली, अंदाजे किती वजन. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एकच कसं असेल? तरी लोक कांदा-बटाटा भरलेल्या गाडीची तुलना रिकाम्या गाडीशी करतात आणि मेकॅनिककडे पळतात.

सीएनजीवाल्यांनी ‘टाकी फुल’ची पद्धत वापरू नये. पंपावर गॅस २०० बारच्या दाबाने झपाट्याने भरतात, त्यात तो तापतो आणि गरम गॅस सिलिंडरमध्ये कमी बसतो. महिनाभराच्या पावत्यांचे किलो जोडा आणि त्या बेरजेने महिन्याच्या किलोमीटरला भागा.

ज्यावर वेळ घालवू नये

पहाटे भरलं तर डिझेल जास्त मिळतं, असं सांगतात. डिझेल एका अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट-दुपारचा फरक जवळपास नसतो. गोल आकड्यावर पंपवाले फसवतात म्हणून १,००० ऐवजी १,०१० चं भरायचं, यालाही अर्थ नाही. माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर पंपावरचं शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो. डिझेलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं आणि टाकीत ओतायच्या बाटल्या, यांच्यावर मी पैसे घातलेत. वहीत काहीही फरक दिसला नाही.

आता वाढवायचं

टायरची हवा. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, आपल्या गेजने. पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगळी असते, भरलेल्या गाडीची आणखी वेगळी. कंपनीने गाडीवर पट्टी लावलेली असते, तीच पाळा. पंक्चरवाल्याचा अंदाज नको.

गाडी नुसती उभी असताना इंजिन बंद. मार्केटच्या गेटवर नंबर लागेपर्यंत, हमाल माल उतरवत असेपर्यंत, बंद. चालू ठेवलेलं इंजिन तासाला अर्धा लिटर किंवा जास्तही पितं आणि एक किलोमीटरही देत नाही.

हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी सरकवण्यावर, मात्र मी जरा बोलणार. सायनपासून चेंबूरपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात, तेव्हा आपले ड्रायव्हर पुढच्या गाडीला चिकटून राहतात. दर दोन हातांवर हाफ क्लच, रेस, ब्रेक. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरवर टाका आणि क्लच पूर्ण सोडून, पाय रेसवर न ठेवता गाडी तिच्या चालीने जाऊ द्या. डिझेल इंजिन तेवढं ओढतं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. डिझेलसोबत क्लच प्लेटही वाचते.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हा सल्ला जिवावर बेतणारा आहे आणि खोटाही. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरच्या हिशोबाने सोडणाऱ्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल जाळत राहतं. म्हणजे कसाऱ्याच्या घाटात न्यूट्रल टाकणारा डिझेलही घालवतो आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो. भरल्या गाडीचे ब्रेक तापले की पायाखाली काही उरत नाही. माझ्या गाडीवर न्यूट्रलने घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही.

हायवेवर ६० चा वेग ८० केला तर हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. क्रेट केबिनच्या वर रचले असतील आणि ताडपत्री फडफडत असेल तर त्याहून वाईट. ताडपत्री ताणून बांधा, हौद्यातून बाहेर येणारं काही ठेवू नका. नाशिकवरून येताना वीस मिनिटं लवकर पोचण्यासाठी मी डिझेल जाळत नाही.

पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओने गाडीला ठरवून दिलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरू नका. मिळणारं जादा भाडं टायर, कमानपाटे आणि दंडात परत जातं.

रिटर्न भाडं मिळालं तर सगळ्यात उत्तम. वाशीला रिकामी परत जाणारी गाडी अ‍ॅव्हरेज कितीही चांगलं देत असली तरी ते डिझेल कुणी भरून देत नाही.

गॅरेजला कधी जायचं

तोच रस्ता, साधारण तेवढाच माल, आणि तीन भरण्यांचा एकत्र आकडा आधीपेक्षा दहा टक्के बिघडला, तरच. आणि गेल्यावर इंजेक्टरपासून सुरुवात करू देऊ नका. आधी ब्रेक. सपाट जागेवर गाडी न्यूट्रल करा, इतर चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना नीट अडसर लावा, एक-एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. मागच्या चाकांसाठी हँडब्रेक सोडलेला हवा. मागचं डावं आणि उजवं चाक एकमेकांशी ताडून बघा. माझ्या दुसऱ्या गाडीचं मागचं डावं चाक हात काढताच थांबायचं. ब्रेक धरून ठेवत होता, ड्रमजवळ जळका वास यायचा आणि आम्ही तो रस्त्यावरच्या दुसऱ्या गाडीचा समजत होतो. ब्रेक उघडून साफ केला, अ‍ॅडजस्ट केला. पुढच्या तीन भरण्यांत शंभर किलोमीटरमागे एक लिटर कमी लागलं.