नदीच्या माशाचे मूळ वाण कसे जपावे: नाशिकच्या मच्छीमार संस्थांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यात मासा कोणत्या जातीचा आहे हे विचारताना तो कोणत्या खोऱ्यातला आहे हेही विचारावे लागते. सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिणेला गोदावरी, दारणा आणि कादवा यांचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते, उत्तरेला मोसमचे पाणी घेऊन गिरणा तापीला मिळते, तर पेठ-सुरगाण्याच्या पश्चिम उतारावरून दमणगंगा आणि पार अरबी समुद्राची वाट धरतात. गोड्या पाण्यातल्या माशाला डोंगर ओलांडता येत नाही, त्यामुळे जात एकच असली तरी या खोऱ्यांतले गट असंख्य पिढ्या एकमेकांपासून दूर राहून आपापल्या नदीप्रमाणे घडलेले असू शकतात. आटत्या डोहात उन्हाळा काढण्याची किंवा एखाद्या रोगापुढे टिकण्याची ताकद या वेगळेपणात साठलेली असते आणि जात शिल्लक असतानाही ती नष्ट होऊ शकते.

म्हणून सर्वांत आधी खोरी मिसळणे थांबवावे. गिरणेतला मासा गोदावरीत किंवा बाहेरच्या जिल्ह्यातले देशी माशाचे बीज, म्हणजे सोडण्यासाठी तयार केलेली पिल्ले, आपल्या नदीत, कितीही चांगल्या हेतूने, सोडू नये. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात तयार झालेले दख्खनी महसीरचे बीज कावेरीत सोडले गेले, आणि तिथल्या मूळच्या कुबडाच्या महसीरची संख्या पुढे इतकी घटली की 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणात उत्पन्नासाठी रोहू-कटला सोडणे हा वेगळा व्यवहार आहे. त्याला संवर्धन म्हणू नये.

नदीतच प्रजनन सुरू राहील अशी व्यवस्था करणे हा सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत खात्रीचा उपाय आहे. उन्हाळ्यात प्रवाह तुटला की त्या पट्ट्यातले बहुतेक जनक मासे दोन-चार डोहांत गोळा होतात, आणि तिथे एकदा विष किंवा सुरुंग वापरला गेला तर कित्येक वर्षांत साठलेली विविधता एका दिवसात संपते. संस्थेने ग्रामसभेत ठराव करून असे डोह मासेमारीसाठी बंद ठेवावेत आणि पहिल्या पावसात उथळ प्रवाहाकडे चढणारे अंडीभरले मासे पकडू नयेत. मोठ्या धरणाची भिंत खालच्या माशाला वर जाऊ देत नाही, म्हणून भिंतीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंचे डोह राखावेत.

संख्या फारच घटली असेल तरच मत्स्यबीज केंद्राकडे वळावे, आणि तेही मत्स्यव्यवसाय विभागाच्या संमतीने. येथे सर्वांत मोठी चूक जनकांच्या निवडीत होते. रोहूसारख्या माशाची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांवर अंडी देते, त्यामुळे चार-दोन जोड्यांतूनही तलाव भरतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती सारी पिल्ले एकमेकांची भावंडे असतात. नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की पैदाशीत खरोखर धरता येणारी संख्या मिळते. 5 नर आणि 45 माद्या वापरल्या तर ती फक्त 18 येते. 25 नर आणि 25 माद्या वापरल्या तर 50. प्रत्येक पिढीत वाढणारे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, या संख्येच्या दुपटीने एकाला भागून काढतात, म्हणजे पहिल्या बाबतीत सुमारे 2.8 टक्के आणि दुसऱ्या बाबतीत 1 टक्का.

जनक त्याच खोऱ्यातून, शक्यतो अनेक डोहांतून आणि हंगामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडे थोडे घ्यावेत, कारण एकाच दिवशी पकडलेले मासे लवकर किंवा उशिरा विणाऱ्यांपैकी एकाच गटाचे असण्याचा संभव असतो. अंडी पिळून घेताना अनेक नरांचे वीर्य एकत्र करू नये. तसे केल्यास एखादाच नर बहुतेक अंडी फळवतो. प्रत्येक मादीची अंडी वाटून वेगवेगळ्या नरांच्या वीर्याने फळवावीत, कुटुंबे वेगळ्या टाक्यांत वाढवावीत आणि सोडताना प्रत्येक कुटुंबातून सारख्याच संख्येने बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) घ्यावीत. उरलेली बोटुकली वाया जातात म्हणून हळहळ वाटते, परंतु एकाच कुटुंबाची गर्दी नदीत उतरवण्यापेक्षा ते बरे. आपल्याच केंद्रात वाढलेल्या पिढीला पुन्हा जनक करू नये. बोटुकली जनक जिथून आणले त्याच पट्ट्यात सोडावीत.

माशाचे वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला साठवता येते. अंडी मात्र मोठी आणि बलकयुक्त असल्याने अशी टिकत नाहीत. त्यामुळे अशी वीर्यपेढी जिवंत माद्यांना पर्याय होत नाही. हे काम संस्थेच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोशी संपर्क साधावा.

आपल्या हातातले काम म्हणजे नोंद. एका ठिकाणच्या 30 ते 50 माशांच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडावा. जनुकीय तपासणीला एवढे पुरते. प्रत्येक कुपीवर नदी, गाव आणि तारीख लिहावी, आणि हीच माहिती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवावी. बीज सोडण्याआधी एकदा आणि सोडलेली पिढी विण्याच्या वयाची झाल्यावर पुन्हा एकदा नमुने घेतले, तर विविधता टिकली की घटली हे प्रयोगशाळा सांगू शकते, आणि घटली असेल तर पुढच्या हंगामात बीज सोडणे थांबवावे.