साडेचारशेचे लाडू साडेचार रुपयांना

बायकोच्या फराळाच्या ऑर्डरींसाठी पेमेंट लिंक बनवायचं काम मी एआय असिस्टंटला पेमेंट गेटवेशी (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेशी) जोडून त्याच्यावर सोपवलं. पहिल्याच दिवशी ४५० रुपयांच्या लाडवांची लिंक गेली ४ रुपये ५० पैशांची! गिऱ्हाईकही लगेच भरून मोकळं.

लॉग, म्हणजे त्याने गेटवेला काय पाठवलं त्याची नोंद, उघडला. रकमेच्या जागी ४५०. गेटवेचा एपीआय (प्रोग्रामने त्याच्याशी बोलायचा मार्ग) रक्कम रुपयांत नाही, पैशांत घेतो, म्हणजे ४५००० हवे होते. सूचनेत ‘शंभराने गुण’ लिहून पाहिलं, तर पठ्ठ्याने एका लिंकची रक्कम चक्क दोन वेळा गुणली. शेवटी गुणाकार त्याच्याकडून काढूनच घेतला. तो फक्त रुपये सांगतो, त्या रुपयांचे पैसे माझा कोड करतो. ५,०००च्या वरची लिंक मला विचारल्याशिवाय जात नाही. रिफंडचं टूल तर त्याला दिलंच नाही.

उरलेले ४४५ रुपये ५० पैसे मागायचा फोन मात्र मलाच करावा लागला.