जुन्या लढाईतली जखम आता नोंदवून घ्यायची असेल तर काय करायचं (कोल्हापूर भागातल्या माजी सैनिकांसाठी)

आपल्या जिल्ह्यात गावागावात फौजी आहेत, शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. त्यातले कितीतरी जण ७१ ला, श्रीलंकेत, कारगिलला किंवा काश्मीरच्या ऑपरेशनमध्ये जखमी झाले, पट्टी बांधून परत पलटणीत गेले आणि पुढं पेन्शनवर आले, पण ती जखम कागदावर कधी आलीच नाही. आता साठी-सत्तरीत पाय दुखतो, एक्स-रे काढला तर आत स्प्लिंटर (गोळ्याचा तुकडा) दिसतो, आणि मग पोरं विचारतात, आबा, तुम्हाला याचं काही मिळालं नाही का. हे लिहितोय ते त्या पोरांसाठी, सुनांसाठी आणि स्वतः फौजी मंडळींसाठी, कारण उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथं तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच अर्जात कोंबतात, मग अर्ज इकडून तिकडं फिरत राहतो. एक म्हणजे बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंद, म्हणजे ही जखम शत्रूच्या कारवाईत झाली असं फौजेनं मान्य करणं. दुसरं म्हणजे पदक, १९७३ साली सुरू झालेलं वूंड मेडल, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, ते थेट शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना मिळतं. तिसरी पेन्शन, म्हणजे वॉर इंज्युरी पेन्शन. पदक असो नाहीतर पेन्शन, दोन्ही उभी राहतात ती पहिल्या नोंदीवर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी फक्त नोंदीच्या मागं लागा, पैशाचं नंतर बोला.

नोंद कुठं असते? जखमी झाला की पलटण वर सिग्नल पाठवते, कॅज्युअल्टी रिपोर्ट जातो, मग पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीत भर घालणारा पलटणीचा लेखी आदेश) निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाला, पोचते. डॉक्टरकडचे कागद वेगळे असतात. आरएपीत (पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यात) पहिली पट्टी, मग अ‍ॅडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स आणि मोठ्या जखमेला एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) किंवा कमांड हॉस्पिटल, असा प्रवास असतो आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी लिहिलेलं असतं. अडचण अशी की ज्यांची जखम हलकी होती ते आरएपीतूनच परत पोस्टवर गेले. काहींनी तर मुद्दामच सांगितलं नाही, कारण मेडिकल कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडकायचं आणि घरी सहा माणसं पगाराची वाट बघत बसलेली. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पण अर्जात ते खरं खरं लिहा, कारण "तेव्हाच का नाही सांगितलं" हा प्रश्न येणारच आहे.

आता घरातनं सुरुवात करा. ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक काढा, त्यात मेडिकल कॅटेगरी, मेडलं आणि कॅम्पेन लिहिलेली असतात. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढा, जुना सापडत नसेल तर स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून बघा, तिथं आताचा पीपीओ मिळतो. रिलीजच्या वेळी मेडिकल बोर्ड झाला असेल तर त्याची कॉपी शोधा, त्यात काय आजार लिहिलाय आणि त्यापुढं "अ‍ॅट्रिब्युटेबल" (म्हणजे फौजेच्या नोकरीमुळं झालेलं) लिहिलंय की नाही हे बघायचं. जुनी पत्रं फेकू नका. हॉस्पिटलमधून गावाकडं पाठवलेलं आंतरदेशीय पत्र, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख, हे सुद्धा कामाचं आहे, कारण जखमेच्या वेळचा कोणताही कागद आज केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त वजनाचा असतो.

मग आबांना बसवून सगळं लिहून घ्या. नंबर, हुद्दा, पलटण, कंपनी, ऑपरेशनचं नाव, तारीख, जागा, काय लागलं, कुठं लागलं, कोण बरोबर होतं, कुणी उचलून नेलं, कुठल्या एमएचला किती दिवस. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाज म्हणून अंदाजच लिहा. एकदा एक तारीख आणि पुढच्या अर्जात दुसरी असं झालं की मागचं सगळं संशयात जातं, हे लक्षात ठेवा. आठवतंय तेवढंच लिहायचं, वाढवून नाही. त्यांना हे बोलायला जड जातं, काहींना तर बरोबरचे गेलेले आठवतात, म्हणून एका दमात सगळं काढून घ्यायचा हट्ट नको, दोन-तीन बैठकीत होऊ द्या.

त्यानंतर रेकॉर्ड ऑफिस. कोल्हापुरातली १०९ टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियन म्हणजे आपल्या जवळचं मराठा, पण तिथं रेग्युलर फौजीचे कागद नसतात, तिथं हेलपाटे घालू नका. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्यांचं) सिकंदराबादला. बेळगाव आपल्याला सोपं आहे, कागल-निपाणी-संकेश्वर करत एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि फौजी स्वतः ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुक घेऊन गेला की पत्रापेक्षा लवकर काम हलतं. तरी लेखी अर्ज द्याच आणि पोच घ्या. बाकीच्यांनी स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाच्या कॉपीला टाचून ठेवा.

अर्ज हिंदीत चालतो, इंग्रजीसाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. मजकूर मराठीत सांगतो, तसाच हिंदीत करा: "मी अमुक नंबर, अमुक हुद्दा, अमुक बटालियन. ऑपरेशन विजयमध्ये अमुक तारखेला अमुक ठिकाणी शत्रूच्या तोफगोळ्याचा छर्रा डाव्या मांडीत लागून जखमी झालो. आधी आरएपीत आणि नंतर अमुक हॉस्पिटलात उपचार झाले. याची बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंद झाली आहे का ते कळवावे. झाली असल्यास पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी. नसल्यास सोबतच्या पुराव्यावरून नोंद करण्याची कारवाई व्हावी." बस, एवढंच. पाच पानी आत्मकथा नको, शेवटच्या तीन वाक्यांत काय मागताय ते त्यांना दिसलं पाहिजे. एक कॉपी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या, ते पुढं पाठवतात आणि फॉर्म भरायलाही मदत करतात, त्याची फी नसते.

उत्तर आलं नाही तर आरटीआय टाका. फौज केंद्र सरकारची आहे म्हणून केंद्राच्या पोर्टलवर, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आरटीआयमध्ये "मला न्याय का दिला नाही" असं विचारू नका, कागद मागा: माझ्या नावाच्या त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, इंज्युरी रिपोर्ट, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, हॉस्पिटल अ‍ॅडमिशनची नोंद. आणि कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. ते पत्र पुढं तुमच्या बाजूनं बोलतं, कारण कागद त्यांनी नष्ट केला हे त्यांनीच मान्य केलेलं असतं.

पुरावा कमी असेल तर साक्षीदार. कंपनी कमांडर, प्लाटूनचे सुभेदार साहेब, बरोबरचा नर्सिंग असिस्टंट, ज्यानं उचलून आणलं तो जवान. पलटणीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, रेझिंग डेला (पलटणीच्या स्थापना दिवसाला) मंडळी जमतात, तिथं शोधा, आणि लवकर शोधा, कारण ७१ वाले दरवर्षी कमी होत चाललेत. प्रतिज्ञापत्रात साक्षीदारानं स्वतः काय पाहिलं तेवढंच असावं, त्याचा नंबर आणि हुद्दा असावा, आणि सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं एकाच साच्यातली नकोत, प्रत्येकानं आपल्या शब्दात लिहावं. सोबत मेडिकलचा पुरावा: ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून किंवा कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यातून एक्स-रे काढा, शरीरात धातूचा तुकडा असेल तर रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये ते लिहून घ्या, जागा आणि आकारासकट. तुकडा मांडीत आहे आणि डिस्चार्ज बुकात मांडीवर व्रण लिहिलाय, हे दोन जुळले की अर्धं काम झालं.

पेन्शनचं थोडक्यात. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रात ए ते ई अशा पाच कॅटेगरी आहेत, आपल्याला हवी ती ई, म्हणजे लढाईतल्या जखमेची. साधी डिसअ‍ॅबिलिटी आणि वॉर इंज्युरी यात फरक मोठा आहे. पूर्ण सर्व्हिस करून रिटायर झालेल्याला १०० टक्के डिसअ‍ॅबिलिटीवर साधी ३० टक्के धरतात आणि वॉर इंज्युरीला ६० टक्के, शेवटच्या पगाराच्या हिशेबानं. म्हणजे धरा शेवटचा पगार ४०,००० आणि शेवटी धरलेली टक्केवारी ५०, तर साधी ६,००० आणि वॉर इंज्युरी १२,०००, महिन्याला. शिवाय ब्रॉड बँडिंग आहे, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेतात, ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. हे आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना, म्हणजे तब्येतीमुळं फौजेतून घरी पाठवलेल्यांना होतं, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार केसमध्ये रिटायर झालेल्यांनाही दिलं. फौजेत असताना या पेन्शनऐवजी एकरकमी रक्कम घेतली होती का हे मात्र आधी बघा, घेतली असेल तर केस वेगळी होते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना नवीन नियम लागतात, त्यांनी ते वेगळे वाचावेत.

ऑपरेशन पराक्रममध्ये, २००१-०२ ला, सुरुंग टाकताना किंवा काढताना जखमी झालेले आपल्याकडं आहेत. ते म्हणतात गोळी लागली नाही मग आमचं काय. ऑपरेशनल माइनफील्डमधला स्फोट ई कॅटेगरीत येतो, तेव्हा पेन्शनचा हक्क सोडू नका, पदकासाठी मात्र थेट शत्रूची कारवाई लागते. हे दोन्ही वेगळे ठेवा म्हणून सुरुवातीला सांगितलं ते याचसाठी. उलट, ऑपरेशन एरियात होतो म्हणून बीपी किंवा हार्टचा त्रास वॉर इंज्युरी होत नाही, त्यासाठी साधी डिसअ‍ॅबिलिटी मागा, खोटं जोडू नका.

नकार आला तर पत्रावर कारण वाचा. फर्स्ट अपील सहा महिन्यांच्या आत, उशीर झाला तर उशिराचं कारण लिहून माफी मागता येते. त्यानंतर सेकंड अपील. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्यासाठी मुंबई बेंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून काही जण सरळ तिथं जाऊया म्हणतात, पण पेन्शनची केस आधी ट्रिब्युनललाच घ्यायची असते. इतकी वर्षं गेली या कारणावरून पेन्शनचा दावा पूर्ण मारला जात नाही, कारण पेन्शन दर महिन्याला देय असते, फक्त मागची थकबाकी साधारण केस टाकण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सुप्रीम कोर्टानं २००८ ला तरसेम सिंग केसमध्ये ठरवलंय. म्हणजे जितके महिने टाळाल तितके पैसे खरोखरच जातात.

वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. "मिळालेल्या रकमेच्या अमुक टक्के द्या, मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला मूळ डिस्चार्ज बुक कधीच देऊ नका, स्पर्शचा पासवर्ड आणि ओटीपी तर अजिबात नाही. सगळ्या कागदांचे स्कॅन पोराच्या मोबाईलमध्ये आणि एक सेट मुलीच्या घरी ठेवा, आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरांतले कागद भिजून गेलेत.

आबा आता नसतील तरी आजी अर्ज करू शकतात, जी थकबाकी त्यांच्या हयातीत देय होती ती वारसाला मागता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ आणि आधार जोडा, आणि आजींचं नाव तिन्ही कागदांवर एकसारखं आहे का ते अर्ज पाठवायच्या आधी तपासा. माहेरचं नाव, सासरचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, यात फरक असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरनं दुरुस्त करून घ्या, मगच बाकीची फाईल पाठवा.