खिशातल्या कॅमेऱ्याने कासचे फोटो काढताय? या चुका टाळा

मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून कास पठारावर दिवसभर हिंडायचा कंटाळा आला, म्हणून मी ‘एक इंच’ सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप लहान असलेला, छोटा कॅमेरा घेतला. पहिल्याच सप्टेंबरात फोटोंची पार वाट लागली. कॅमेरा ठीक होता, मोठ्याच्या सवयी मी छोट्यावर लादत होतो.

सगळ्यात महागात पडलेली सवय म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र, बारीक करणं. लँडस्केप म्हटलं की एफ/११ (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण एवढ्याशा लेन्समध्ये ते छिद्र मिलिमीटरभराहूनही लहान होतं आणि त्यातून येणारा प्रकाश पसरतो. घरी स्क्रीनवर पाहिलं, तर समोरच्या तेरड्यापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत सगळ्यावर साय धरलेली. एफ/४ पुष्कळ झालं. लेन्स २४ मिमीची म्हणून मिरवत असले, तरी तो आकडा मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबातला; तिची खरी फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद दृश्य घेते ते ठरवणारं अंतर) जेमतेम ९ मिमी असते. त्यामुळे एफ/४ ला दोन मीटरवर फोकस धरला की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. फूल त्याहून जवळ हवं असेल तर दोन फोटो घ्या, एक फुलावर आणि एक डोंगरावर, आणि नंतर जोडा. (त्यासाठी ट्रायपॉड फुलांत रोवू नका. कातळावरची माती बोटभर असते.)

आकाश पांढरंफटक येतंय? लहान सेन्सरवर एकदा जळलेला, म्हणजे पार पांढरा झालेला ढग रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत येत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची +/− सेटिंग) उणे दोन-तृतीयांश ठेवा, सावल्या नंतर उजळता येतात. मात्र यवतेश्वरचा घाट चढताना धुक्यात शिरलात की गणित उलटं. कॅमेरा धुकं राखाडी करून टाकतो, तिथं अधिक एक लागतं.

डिजिटल झूम बंदच करून टाका. तो फक्त कातरतो, ते काम घरी होतं.

चाळकेवाडीच्या पठारावर पॅनोरमा मोड वापरण्याचा मोह मलाही झाला होता. पवनचक्क्यांची पाती फिरत असतात, कॅमेरा पट्ट्या जोडत जातो, आणि एका चक्कीला अडीच पाती येतात. तिथं साधा रुंद फोटोच बरा. वाऱ्यात ट्रायपॉडच्या पायांचे खालचे बारीक भाग बाहेर ओढू नका, मधल्या दांड्याला सॅक लटकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

ठोसेघरच्या धबधब्यापाशी तुषार थेट लेन्सवर येतात. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बंद करताना आत सरकते, तेव्हा नळीवरचं पाणीही आत जातं. म्हणून आधी पुसा, मग बंद करा. आमच्या एका मित्राने पुसलं नाही. त्याची लेन्स अजून अर्धी बाहेरच आहे.